जानेवारीतली ओल

अहिल्यानगर
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय झुंबरबाई,
सप्रेम सलाम.

पत्र बघून दचकू नका, सगळं बरं आहे. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "बाई, तुमीच मला लिवायला शिकवलं आन् तुमीच फोन करता, माझी अक्षरं गंजून चालली." ते बोलणं मनाला लागलं. एकतीस वर्षांपूर्वी मिरजगावच्या साक्षरता वर्गात तुमचा हात धरून 'झ' गिरवून घेतला होता. तो गंजू द्यायचा नाही, म्हणून हे पत्र.

मेअखेर मी शाळेतून निवृत्त झाले आणि जूनपासून इथल्या मुलींच्या एका वसतिगृहाची मेस माझ्याकडे आली. एकशे दहा मुली आहेत. पाथर्डी, जामखेड, पारनेर, सगळीकडच्या. काही शाळेत, काही कॉलेजात. स्वयंपाकाला चौघीजणी. मला वाटलं, जन्मभर मुलं शिकवली, आता जेवू घालायचं, हे तर सोपंच.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी ताटं घासायच्या मोरीपाशी उभी राहिले. अर्ध्या अर्ध्या चपात्या, भाताचे ढीग, फ्लॉवरची भाजी तर वाढली तशीच. दोन मोठी पिंपं भरली. त्याच वेळी मागच्या फाटकातून पाण्याचा टँकर आत येत होता आणि मुली बादल्या घेऊन धावत होत्या, कारण दोन दिवस अंघोळीला पाणी पुरलं नव्हतं.

आमच्याच आवारात जॉय मॅडम राहतात, कॉलेजात विज्ञान शिकवतात. त्यांना मी हे सांगितलं. टाकलेल्या भाताचं त्यांनी वजन करायला लावलं, कागदावर काही मांडलं आणि म्हणाल्या, "हेलनताई, किलोभर तांदूळ पिकवायला अडीच-तीन हजार लिटर पाणी लागतं. आज तुम्ही जो भात टाकलात ना, त्यात एक अख्खा टँकर होता."

झुंबरबाई, एका हाताला टँकर उभा होता आणि दुसऱ्या हाताला पिंप. देवाने जणू माझे डोळेच धुऊन दिले त्या दिवशी.

टाकलेल्या अन्नाने गटार तुंबतं, शेजारी ओरडतात. नाताळपर्यंत हे थांबलं नाही तर मेस बाहेरच्या ठेकेदाराला द्यायची, असं व्यवस्थापक स्टीफन सरांनी सांगून टाकलंय. म्हणजे माझ्या चौघीजणी घरी बसणार.

तुमच्याकडे पाऊस आमच्याहून कमी. तरी तुम्ही पिकवता, खाता. काय पिकवता ते मला सविस्तर लिहा. वर्गाला येताना तुम्ही फडक्यात भाकरी आणि कसली तरी आंबूस पालेभाजी आणायचात. तिचं नावसुद्धा मी विसरले.

तुमची,
हेलन


मिरजगाव
३ सप्टेंबर २०२४

बाईस झुंबरचा नमस्कार.

पोस्टमननं पाकीट दिलं तवा सून म्हनली, बँकेचं आसंल. मी म्हनलं, बँक मला 'प्रिय' म्हनत न्हाई.

ती आंबूस भाजी म्हंजी चिघळ. तिला कुनी पेरत न्हाई. बांधावर, उकिरड्यावर, पाय पडंल तिथं येती. पाऊस झाला की येती आन् न्हाई झाला तरी येती. तुमच्या वसतिगृहाच्या भिंतीकडंला बी आसंल बगा. तुमी तन म्हनून उपटून टाकत असाल.

आता तुमच्या पिंपाचं. राग नका मानू बाई. पोरी टाकत्यात ह्याचं तुमाला दुःख झालं. पन वाढतं कोन? समद्यांना सारखं वाढलं की कुनाचं उरतं, कुनाचं कमी पडतं. आमच्या घरात आजवर कुनी मला ताट भरून दिलं न्हाई. मागून घ्यावं लागायचं, म्हनून मी कदी टाकलं न्हाई. पोरींना मागू द्या. आन् इचारा त्यांना काय आवडतंय. साठ वर्सांच्या बाया जेवन ठरवत्यात आन् पंधरा वर्सांच्या पोरी खात्यात, मग कसं व्हायचं.

तांदूळ आमच्या रानात येत न्हाई, म्हनून आमच्या ताटात तो सनाला. आमी खातो जवारी. माझं वरचं काळं रान सा एकराचं. हस्ताचा पाऊस झाला की तिथं जवारी पेरायची. पेरली की मग तिला पानी न्हाई. वरनं पाऊस न्हाई, हिरीचं न्हाई, पाटाचं न्हाई. चार म्हैने ती तशीच उभी ऱ्हाती आन् पोसती. पावसाळ्यात मटकी आन् हुलगं, म्हंजी तुमचं कुळीथ, त्यास्नी बी कुनी पानी द्येत न्हाई.

औंदा बी जवारी पेरतोय.

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या.

झुंबर


अहिल्यानगर
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय झुंबरबाई,
सलाम.

चिघळ सापडली! पाण्याच्या टाकीमागे हातभर पसरली होती. आवाराची सफाई बघणारा मुकादम ती उपटायलाच निघाला होता.

पण आज मन फार खट्टू आहे. तुमचं पत्र वाचून मला जरा घाईच झाली. गेल्या रविवारी मी भात बंद केला, फ्लॉवर बंद केला. बाजारातून ज्वारी आणली. चौघीजणींनी पहाटे चारला उठून भाकरी थापल्या. सोबत मटकीची उसळ आणि चिघळ. जेवणाआधी मी उभी राहून मुलींना पाण्याचं सगळं सांगितलं, टँकर आणि पिंप. चांगलं दहा मिनिटं बोलले. मला वाटलं, मोरीपाशी मला झालं तसंच त्यांनाही होईल.

कुणी हात लावेना. मग पाथर्डीकडची ज्ञानेश्वरी म्हणून एक मुलगी आहे, अकरावीची, ती उठली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात, फडावरच कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात राहतात. फार शांत मुलगी, एरवी कधी बोलत नाही. म्हणाली, "बाई, कोपीत भाकरीच खाल्ली मी. आईबरोबर फडावर होते तेव्हा रोज भाकरीच. इथं आले ते भाकरी सुटावी म्हणून. तुम्ही चपाती खाऊन मोठ्या झालात, आता आम्हाला भाकरी खायला सांगताय."

त्या दिवशी दोन नव्हे, तीन पिंपं भरली. दुसऱ्या दिवशी भात पुन्हा सुरू केला.

तिचं बोलणं अजून कानात आहे. मी खरंच चपाती खाऊनच मोठी झाले झुंबरबाई.

आणखी एक, रागावू नका. तुमची ज्वारी चार महिने पाण्याशिवाय पोसते, हे तुम्ही तिच्या कौतुकाने लिहिलंत ना? मी जॉय मॅडमना पत्र दाखवलं. त्या हसल्या नाहीत, होऊ शकतं म्हणाल्या. पण मला काही पटेना. खरं सांगा, एखादं पाणी तरी देत असाल.

तुमची,
हेलन


मिरजगाव
१४ ऑक्टोबर २०२४

बाईस नमस्कार.

ती पोरगी खरं बोलली. तिला रागवू नका. माझ्या भावाच्या लग्नात मुंबईची पाव्हनी आल्ती. आईनं त्यांच्यासाठी गहू उसना आनून चपात्या केल्या आन् आमाला मागल्या दारी भाकरी दिली. आमी पोरींनी ती पदराखाली झाकून खाल्ली. भाकरीत काय वाईट न्हवतं. झाकायला लावली तीच वाईट. तुमच्या पोरीला कुनीतरी कदीतरी भाकरी झाकायला लावली आसंल. तुमी दहा मिन्टं काय, दहा तास बोलला तरी ते जायचं न्हाई.

आन् मी कौतुकानं लिवलं न्हवतं. जे हाय ते लिवलं. एक बी पानी द्येत न्हाई. तुमी मला शिकवलं तवा म्हनला हुता, झुंबरबाई, कागदावर खोटं लिवू नका, कागद ऱ्हातो.

पेरनी झाली. लेकानं, अजिनाथनं, बैलामागं पेरायची पाभर धरली, मी तिच्या चाड्यावर बियाची मूठ सोडली. ट्रॅक्टर हाय गावात, पन वरच्या रानात मी बैलाचीच पाभर लावते, माझा हट्ट. दाना चार बोटं खाली ओलीत पडला पायजे. वर पडला तर वाळून जातो. मूठ सोडताना हाताला कळतं.

पोरींना बोलनं पुरं झालं. त्यांना हिकडं घिऊन या. पौषात, हुरडा भरल्यावर. डोळ्यांनी बगू द्या, मग त्यांचं त्या ठरवतील. पन औंदाच या. पुढल्या वर्सावर टाकू नका.

झुंबर


अहिल्यानगर
१० डिसेंबर २०२४

प्रिय झुंबरबाई,
सलाम.

एवढे दिवस पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आता घडलंय.

तुमचं पत्र मी ज्ञानेश्वरीला वाचायला दिलं. विचारायला हवं होतं तुम्हाला, माफ करा. पदराखालची भाकरी वाचून झाल्यावर तिने पत्र घडी घालून परत दिलं. चार दिवसांनी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "बाई, हुलग्याचं पीठ आणता का? मी शेंगोळे करते." मी लगेच आणलं. तिने लसूण-मिरची वाटून पीठ मळलं, तळव्यावर वळून वळून करंगळीएवढे शेंगोळे केले आणि फोडणीच्या पाण्यात सोडले. वासाने मुली दारात गोळा झाल्या. त्या रात्री ज्यांना हवं त्यांनी मागून घेतलं. मागून घेता घेता पातेलं खरवडलं!

तेव्हापासून आठवड्याचं जेवण मुलींची पाच जणींची समिती ठरवते. ज्ञानेश्वरी त्यात आहे. आधी अर्धं वाढायचं, मग हवं तेवढं मागायचं, हा तुमचा नियम. फ्लॉवर थंडीतच आणायचा. भात आठवड्यातून तीनदा, तोही मुलींनीच ठरवला. एके दिवशी करडईची भाजी, एके दिवशी हरभऱ्याचा पाला. भाकरी कुणावर सक्तीची नाही. पहिल्या दिवशी नऊ मुलींनी घेतली, परवा बावन्न. दोन पिंपांचं एक झालं, आता तेही अर्धंच भरतं. स्टीफन सर रोज न सांगता मागून जाऊन पिंपाचं झाकण उघडून बघतात, मला माहीत आहे. त्यांनी ठेकेदाराचा विषय नाताळावरून मार्चवर ढकलला.

बारा जानेवारीला, रविवारी, चाळीस मुली घेऊन येते. जॉय मॅडमही येताहेत. त्यांना तुमच्या रानाची फार उत्सुकता आहे.

औंदाच या, असं तुम्ही का लिहिलंत? तब्येत बरी आहे ना?

तुमची,
हेलन


मिरजगाव
२८ डिसेंबर २०२४

बाईस नमस्कार.

तब्येत दगडावानी हाय. या. गाडी हायवेवर थांबवा, अजिनाथ टेम्पो घिऊन येईल. लवकर या, दिस उगवायच्या आत रानात पायजे, मग दव बगायला भेटंल. पोरींना सांगा जुनी पायतानं घाला.

अजिनाथ काय बोलला तर मनावर घेऊ नका.

झुंबर


अहिल्यानगर
१५ जानेवारी २०२५

प्रिय झुंबरबाई,

तीन दिवस झाले, मुली अजून तेच बोलताहेत. मी मात्र लिहायला बसले की थांबते. कुठून सुरुवात करू?

टेम्पोतून उतरलो तेव्हा झुंजूमुंजू होतं. समोर नुसती काळी भिंत दिसली, आमच्या डोक्याहून उंच. मग उजाडलं आणि ती भिंत हिरवी झाली, आणि वर कणसं, मोत्यांसारखी, लांबच लांब, रान संपेपर्यंत. मी तीस-बत्तीस वर्षं या जिल्ह्यात शिकवलं. एस.टी.च्या खिडकीतून हे हजारदा बघितलं असेल. एकदाही बघितलं नव्हतं.

तुम्ही मुलींना म्हणालात, "गप ऱ्हावा आन् ऐका." चाळीस मुली गप्प झाल्या. मग ऐकू आलं. टप. टप. पानावरून पानावर, पानावरून खोडाशी, दव उतरत होतं. साऱ्या रानात तेवढाच आवाज. माझ्या शेजारच्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता, का ते तिलाही सांगता आलं नसतं. लहानपणी चर्चमध्ये सगळे उठून गेल्यावर एकटी बसले की मला जसं वाटायचं, तसं वाटलं.

मग ज्ञानेश्वरीने विचारलं, "आज्जी, शेवटचा पाऊस कधी झाला?" तुम्ही म्हणालात, पेरणीच्या नंतर चार शिंतोडे, बस. तिने खाली बसून जमीन चाचपली. वर भेगा होत्या, हात जाईल एवढ्या, कोरडी ठणठणीत. तुम्ही तिच्या हातात खुरपं दिलं. ती खणायला लागली. वीतभर कोरडं. मग तिचा हात थांबला. "बाई," ती म्हणाली, "हात घाला."

मी हात घातला. गार. ओलं. मूठ वळली तर लाडू झाला मातीचा. तीन महिने ज्या जमिनीवर पाण्याचा थेंब नाही, तिच्या पोटात पावसाळा तसाच ठेवलेला होता!

मुली रांगेने आल्या. प्रत्येकीने हात घातला. एकीने ती माती गालाला लावली आणि कुणी हसलं नाही. जॉय मॅडम सांगत होत्या, काळी माती पाणी कशी धरून ठेवते, ज्वारीची मुळं चार-पाच फूट खाली कशी जातात, दव पडल्याने पानांची तहान कशी कमी होते. सांगता सांगता त्याच मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहितेय." आणि चष्मा पुसायला लागल्या.

तुमच्यावर अविश्वास दाखवला, माफ करा मला.

हुरड्याचं काय लिहू. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, तुमच्या तळहातावर चोळून निघालेले ते हिरवे गरम दाणे. मुलींनी एक दाणा सांडू दिला नाही, आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता दुसरं. परत येताना टेम्पोत मी अजिनाथशेजारी बसले होते. मी म्हणाले, पुढच्या वर्षीही मुलींना आणीन. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी इथं ऊस असंल मॅडम. फेब्रुवारीत बोर घेतोय." रानाच्या कोपऱ्यात दगडावर चुन्याची खूण मी बघितली होती. मला वाटलं होतं, हद्दीची असेल.

झुंबरबाई, 'औंदाच या'चा अर्थ तो होता ना? इतकी पत्रं लिहिलीत, हे का नाही लिहिलंत?

तुमची,
हेलन


मिरजगाव
२७ जानेवारी २०२५

बाईस नमस्कार.

लिवलं न्हाई, कारन लिवलं आस्तं तर तुमी माझी कीव करायला आला आस्ता. मला वाटलं, रान बगायला यावं.

अजिनाथला वाईट समजू नका. त्याचं बी खरं हाय. जवारी काढायला मानूस भेटत न्हाई. हातानं उपटायची, वाकून वाकून. मागल्या साली सुनंच्या हाताची सालं निघाली, पंधरा दिस तिला भाकर थापता आली न्हाई. पाखरं राखायची. आन् पिकवून खातंय कोन? माझी नातवंडं चपाती खात्यात. अजिनाथ म्हनतो, आई, जे कुनालाच नकोय ते मी कुनासाठी पिकवू? ऊस म्हनलं की फॅक्टरीची गाडी दारात येती, तोडनारी टोळी बी तीच आनती.

ह्यावर मी काय बोलू? रान त्याच्या नावावर हाय, कष्ट त्याचं हायत. मी फक्त येवढंच म्हनलं, एकदा पाताळाचं पानी वर काडायला लागलं की ते परत भरायला कोन येनार हाय. तो म्हनला, समद्यांनी काडलंय, मी एकट्यानं ठेवून काय व्हतंय. ते बी खरं.

सा एकर मी चाळीस वर्सं मूठ सोडून पेरलं. औंदा शेवटची मूठ सोडताना कुनीतरी बगायला पायजे हुतं आसं वाटत हुतं. पेरताना न्हाई, पन उभं पीक तुमी बगितलं. लई झालं.

तुमच्या ज्ञानेश्वरीला आशिर्वाद सांगा. खनायचा हात चांगला हाय तिचा.

झुंबर


मिरजगाव
६ फेब्रुवारी २०२५

हेलन मॅडम यांना अजिनाथचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं-माकलं समजून घ्या. आईला न सांगता लिहितोय.

तुमच्या पोरी आल्या तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो. म्हटलं, शहरातनं हुरडा खायला येत्यात, फोटो काढत्यात, वा वा करून जात्यात, काढणीला कुनी नसतं. म्हणून टेम्पोत मी तुम्हाला तसं बोललो.

पण ती पोरगी खणत होती ते मी बांधावरून बघत होतो. एकेक पोरगी खड्ड्यात हात घालत होती आणि हात बाहेर काढला की तिचं तोंड बदलत होतं. मी मनात म्हटलं, मातीला एवढं काय बघायचं.

तुम्ही गेल्यावर खड्डा बुजवायचा राहिला. बावीस-तेवीस दिवसांनी म्हणजे परवा सकाळी बोरवाला जागा बघायला आला. त्याला चुन्याची खूण दाखवायला रानात गेलो तर पाय त्या खड्ड्यात गेला. पडता पडता वाचलो. शिवी दिली आणि खाली बघितलं. खड्ड्याच्या कडा वाळून पांढऱ्या झाल्या होत्या. म्हटलं, आता काय राहिलं असंल. गुडघ्यावर बसलो आणि आणखी वीतभर उकरलं.

ओल होती, मॅडम.

मी बेचाळीस वर्षांचा आहे. ह्या रानात माझा जन्म गेला. पाभर धरली, कोळपणी केली, काढणी केली. पण पीक वर उभं असताना खाली हात घालून मी कधी बघितलं नव्हतं. तसाच बसून राहिलो. बोरवाला म्हणाला, काय हरवलं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग पॉइंट दाखवा. मी त्याला म्हटलं, पाचशे फूट खाली जाऊन पाणी हुडकायचं आणि इथं हातभर खाली हाय ते सोडायचं, मला जरा इचार करू दे. तो वैतागून गेला.

दोन दिवस इचार केला. आता तुम्हाला खरं ते सांगतो, मोठेपणा नको. खालच्या बाजूला आमचं दोन एकर वेगळं रान हाय, हिरीखालचं. तिथं मी ऊस लावणार. घर चालवायचं हाय. पण वरच्या सहा एकरात बोर घेत नाही. वर जवारीच.

पण माझा प्रश्न तिथंच हाय. काढायची कुनी आणि खायची कुनी? काढणी २३ तारखेला धरतोय, रविवार हाय. तुमच्या पोरी येतात का? मजुरी देईन. खायचं तुम्ही बघा.

आईला हे सांगितलं. बोर नाही म्हटलं तेव्हा नुसती उठून बैलाला पेंड घालायला गेली. तास झाला तरी आली नाही. जाऊन बघितलं तर बैलाच्या मानेला धरून उभी होती.

अजिनाथ


अहिल्यानगर
१६ मार्च २०२५

प्रिय झुंबरबाई आणि चि. अजिनाथ,
दोघांना सप्रेम सलाम.

ज्वारीची पोती काल पोहोचली. हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, मोठ्याने वाचा.

काढणीच्या दिवशी तुम्ही सगळं बघितलंच आहे. दहावी-बारावीच्या मुली परीक्षेला होत्या, म्हणून तीसच आल्या. पण इथं आल्यावरचं तुम्हाला माहीत नाही. मुलींच्या हाताला फोड आले होते. चार दिवस लेखणी धरता येईना. मला वाटलं, आता आईबापांच्या तक्रारी येणार. तर मुली एकमेकींना फोड दाखवत हिंडत होत्या! ज्ञानेश्वरीने एकटीने आठ ओळी उपटल्या, हे तिने स्वतः कुणाला सांगितलं नाही, बाकीच्यांनी साऱ्या वसतिगृहाला सांगितलं. तिला मी विचारलं, "तू तर ऊसतोडीचे कष्ट बघितलेस, पुन्हा तेच काम का केलंस?" ती म्हणाली, "बाई, ऊस आम्ही तोडतो तो गाडीत भरून जातो. कुठं जातो, कोण खातं, आम्हाला कळत नाही. हे मी उपटलं आणि मीच खाणार."

अजिनाथ, तुझ्या मजुरीला मुली नाही म्हणाल्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांनी त्याऐवजी काय मागितलंय ते ऐक. येत्या हस्तात पेरणीला बोलवायचं, आणि झुंबरबाईंनी मूठ सोडायला शिकवायची.

आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. समितीने ठराव केला, मी सही केली, स्टीफन सरांनीही केली. वसतिगृहाची वर्षाची ज्वारी तुमच्या वरच्या रानातूनच येणार. पेरणीआधी तुला तसं कागदावर लिहून मिळेल.

काल संध्याकाळी नव्या ज्वारीची पहिली भाकरी झाली. एकशे दहा जणींसाठी भाकरी थापायच्या म्हणजे चौघींचं काम नाही, म्हणून मुलींनी पाळ्या लावल्या. परातींभोवती बसून थापत होत्या. कुणाची नकाशासारखी, कुणाची चांदासारखी. ज्ञानेश्वरीची तव्यावर टाकली की टम्म फुगायची आणि पीठ मळणाऱ्या लहान मुली टाळ्या वाजवायच्या. मग सगळ्या पंगतीला बसल्या. वांग्याचं भरीत होतं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तोंडी लावायला पाथरीचा कोवळा पाला. मी नेहमीसारखी बोलायला उभी राहिले होते. पण बघितलं तर मुली भाकरी हातात घेऊन थांबल्या होत्या. वाफ निघत होती. त्या वास घेत होत्या. मी गप्प खाली बसले.

एरवी आमच्या जेवणघरात काय कलकलाट असतो, बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातो. काल भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात स्टीफन सर दारात आले. ठेकेदाराचा कागद त्यांनी कधीच फाडून टाकलाय, पण येऊन बघायची सवय गेलेली नाही. त्यांनी आत डोकावलं आणि घाईघाईने पायातल्या चपला काढल्या. वाकून माझ्या कानाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "माफ करा हेलनबाई, प्रार्थना चालू आहे का?"

"नाही सर," मी म्हणाले. "मुली जेवतायत."

तुमची,
हेलन